शेवटचं कडवं

परभणी, गुरुवार, रात्रीचे अकरा

आज गिरणीचं शटर सहालाच ओढलं. लेकीचं गाणं होतं, एका मंडळाच्या आषाढीच्या कार्यक्रमात. ती नववीत आहे, गळा माझ्या मायवर गेलाय. तीन आठवडे जनाबाईचा ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ घोकत होती. दुपारी दोघी तालमीला गेलो, तर तिथल्या एका जाणत्या काकांनी तिला जवळ घेतलं आणि अगदी मायेनं सांगितलं, “बाळा, शेवटचं कडवं सोडून दे. घरची माणसं बसलेली असतात.” लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

तेव्हापासून जिवाला चैन नाही.

काय आहे त्या कडव्यात? ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा.’ येसवा म्हणजे वेश्या. आधीच्या ओळीत ती म्हणते, पदर खांद्यावर आलाय, मी भर बाजारातून जाईन, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेईन, आता मला मना कोण करतंय. एवढं लोकांना चालतं. टाळ्या पडतात. पण भर बाजारात पदर ढळलेल्या, गाणाऱ्या बाईला गाव काय नाव ठेवणार, ते तिला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो शब्द तिनं स्वतःच उचलला, स्वतःच्या नावाला जोडला आणि देवाच्या दारात नेऊन उभी राहिली. शेवटचं कडवं काढलं की उरते ती नुसती भक्तीत दंग झालेली बाई. तिनं काय किंमत मोजली ते दिसतच नाही.

लेक मोबाईलवर परदेशातल्या गायिका ऐकते. मागच्या महिन्यात मला सांगत होती, “आई, हिची गाणी हीच लिहिते, चालही हिचीच.” मी म्हटलं, अशी एक आपल्या गंगाखेडची होती, सातशे वर्षांमागं. ती हसली. मग दोघी वाचायला बसलो. दमा आणि करुंड यांची ही पोर, गंगेकाठची (आपण गोदावरीला गंगाच म्हणतो), लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली. नामदेवही मूळचे आपल्याच बाजूचे, हिंगोलीच्या नरसीचे. त्या भरल्या घरात दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणगोठा हिच्या वाट्याला. तिच्या नावावर तीनशेहून जास्त अभंग आहेत आणि त्यातल्या कितीकांत तिचा हात कुठल्या तरी कामात आहे. कामाच्या वर उठून लिहिलेलं असं ते वाटत नाही, कामातूनच आलेलं वाटतं. मी दिवसभर दळणाचे डबे उचलते, म्हणून मला ते पटकन कळतं.

लेकीला सगळ्यात आवडला तो शेणाचा अभंग. जनी गोवऱ्या वेचायला जाते आणि विठ्ठल पितांबराची कास खोवून तिला हातभार लावतो. दुसऱ्या एकात तिच्या डोक्यात उवा झाल्यात, ती बेजार आहे, तर तो धावत येतो, अंबाडा सोडतो, उवा मारतो, केस विंचरून देतो. तिथं त्याचं नाव विठाबाई आहे. हे वाचून मी थांबले. माझे केस असे कुणी विंचरले होते? मायनं. लग्नानंतर कुणीच नाही. जनीला घरात माय नव्हती, म्हणून तिनं देवाची बाई केली आणि त्याला बायकांची सगळी कामं लावली. केर काढ, दळू लाग, कांडू लाग. कीर्तनात हे देवाचं मोठेपण म्हणून सांगतात. मला त्यात तिचा हिशेब दिसतो. एवढं काम एकटीचं नाही, कुणीतरी जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते आणि माणसं लावत नाहीत म्हणून देवाला लावायला सांगते.

भिंतीवर मात्र तिचं एकच वचन रंगवलेलं असतं, बाईचा जन्म म्हणून उदास होऊ नये. वचन खरंच आहे, तिचंच आहे. पण ते नुसतं समजूत घालायला वापरलं की माझं डोकं उठतं.

संध्याकाळी लेकीनं तीन कडवी म्हटली. छान म्हटली. बक्षीस म्हणून वही मिळाली. येताना रिक्षात गप्प होती. घरी आल्यावर विचारलं, “आई, तू हो का म्हणलीस?” मला धड उत्तर देता आलं नाही. मला त्या काकांची भीती नव्हती. बायकांच्या रांगेत माझ्याकडं वळणाऱ्या माना नको होत्या.

मग मायला फोन लावला. माय सत्तरीच्या पुढं, गावाकडं असते. मी म्हटलं, माय, तुम्ही हे कडवं म्हणायचा का गं? ती म्हणाली, “म्हणायचो की. न म्हणून काय? पहाटं म्हणायचो, गडी माणसं उठायच्या आधी.” दोघी जावा समोरासमोर, एका खुंट्यावर दोन हात, एकीनं घास घालायचा, दुसरीनं ओढायचं. नवऱ्याचं, सासूचं, भावाचं जे दिवसा तोंडातून निघायचं नाही ते सगळं तिथं निघायचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या तेव्हाही गाणं चालूच होतं, म्हणाली. नंतर गावात गिरणी आली. “हात सुटले बाई, पण त्या आवाजात कोण गातंय?” ती ओळ मला लागली, कारण तो पट्ट्याचा आवाज रोज माझ्याच कानात असतो. माझ्या गिरणीत बाया डबा ठेवतात, चिठ्ठी घेतात आणि जातात.

तशी सगळीच गाणी हरवली नाहीत. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्याही त्यात आहेत. म्हणजे जातं एकट्या विठोबाचं कधीच नव्हतं. ज्या बाईला ज्यानं माणूस म्हटलं, त्याचं नाव ती दळताना घेत राहिली.

लेकीनं फोन स्पीकरवर टाकला आणि आजीला म्हणाली, “आजे, तू म्हण, मी रेकॉर्ड करते.” माय आधी नको नको म्हणाली, दम लागतो म्हणाली. मग घसा खाकरला. चाल निराळीच निघाली, कार्यक्रमातल्यासारखी घोळवलेली नाही, जात्याच्या फेऱ्याची, प्रत्येक ओळीच्या मध्यावर हिसका देणारी. मागं तिच्या घरातला पंखा खडखडत होता. लेक जमिनीवर बसून गुडघ्यावर ठेका धरत होती.

रेकॉर्डिंग एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. ‘येसवा’वर माय थांबली नाही, आवाजही खाली घेतला नाही. सगळं म्हणून झाल्यावर म्हणाली, “झालं का गं? ठेवू आता? पहाटं उठायचंय.”