रिश्टर स्केल एकच आहे, मग कोयनेला वेगळं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, पाटण-चिपळूणकडे गेलं की हा प्रश्न हमखास येतो: रिश्टर स्केल जगभर एकच ना, मग कोयना धरणाच्या भागातल्या भूकंपांसाठी ते परत जुळवून घ्यायची काय गरज?

भूकंपशास्त्रज्ञ रिश्टरने १९३५ साली ते बनवलं दक्षिण कॅलिफोर्नियासाठी. १०० किलोमीटरवरच्या वुड-अँडरसन नावाच्या भूकंपमापक यंत्रावर रेघ १ मिलिमीटर हलली तर भूकंप ३ चा, १० मिलिमीटर हलली तर ४ चा. पण भूकंप नोंदवणारं प्रत्येक स्टेशन काही बरोबर १०० किलोमीटरवर नसतं, म्हणून कुठल्या अंतराला किती धरायचं याचा तक्ता त्याने दिला आणि खरी गोम त्या तक्त्यातच आहे, कारण लाट जाता जाता किती विरते हे खडकावर ठरतं आणि तो हिशोब तिकडच्या खडकाचा. आपल्याकडे वर बसाल्ट, खाली जुना घट्ट ग्रॅनाइट, त्यात लाट लांबपर्यंत दम धरते, मग तोच तक्ता लावला की दूरच्या स्टेशनवर भूकंप आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. जवळचं तर आणखी अवघड. खुद्द कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये तपासलं तेव्हा १० ते ४० किलोमीटरवरच्या स्टेशनांवर आकडा कमी येत होता असं दिसलं, आणि कोयनेत स्टेशनं जवळजवळ धक्क्यांच्या डोक्यावरच आहेत.

मग करायचं काय, तर अनेक स्टेशनांवर नोंदले गेलेले भरपूर भूकंप घ्यायचे आणि प्रत्येकाचा आकडा, अंतरानुसार होणारी घट, शिवाय प्रत्येक स्टेशनच्या आकड्यात करायची त्याची स्वतःची दुरुस्ती हे सगळं एकत्रच सोडवायचं. गाळावरचं स्टेशन वाढवून सांगतं, पक्क्या खडकावरचं कमी. आजची यंत्रं डिजिटल, त्यांच्या नोंदीवरून वुड-अँडरसनची रेघ गणिताने काढावी लागते, आणि ते यंत्र जमिनीची हालचाल २८०० पट मोठी करून दाखवतं असं धरायची पद्धत होती, ती वाढ प्रत्यक्षात २०८० पटीच्या आसपास निघाली. एवढ्यानेच ०.१३ चा फरक पडतो!

०.३ ची चूक किरकोळ वाटते, पण ०.३ म्हणजे रेघ दुप्पट, आणि सगळे आकडे तेवढे चढले तर ४ च्या वरचे धक्के यादीत साधारण दुप्पट दिसतात. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठतंय, ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा भूकंप झाला, १९८५ पासून जवळच्या वारणा धरणातही पाणी आलं आणि धक्के आजही चालूच आहेत. पाण्याची पातळी आणि धक्के यांचा मेळ घालायचा तर १९७० चा ४ आणि आजचा ४ एकाच मापाने मोजलेला हवा, नाहीतर धक्के वाढले की मोजमाप बदललं हेच कळणार नाही.