काम निघाले, म्हणून निघालो

रविवारी सकाळी न कळवता बहिणीच्या घरी गेलो, की दार उघडताच ती एकच प्रश्न विचारते : "आज कुठून उगवलास?" ठाण्याच्या नौपाड्यातील त्या जुन्या इमारतीचे तीन जिने चढून मला धाप लागलेली असते, त्यामुळे मी उत्तर देत नाही आणि तिलाही ते नकोच असते. गेल्या रविवारी मात्र हा प्रश्न आत टेबलापाशी अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने टिपला. तिच्या इंग्रजीच्या वहीत 'क्रॉप अप' या क्रियापदापुढे 'अचानक उद्भवणे' असा अर्थ लिहिलेला होता, त्याचा पाच वाक्यांत उपयोग करायचा होता आणि पहिले वाक्य लिहून झाले होते. मुरबाडला आमच्या शेतात दरवर्षी भात 'क्रॉप अप' होतो, असा त्याचा आशय. "दुसऱ्या वाक्यात तुलाच घालते, मामा," ती म्हणाली.

वाक्ये दोन्ही चुकली होती, पण त्या चुका मला इतक्या आवडल्या की लगेच दुरुस्त कराव्याशा वाटेनात. क्रॉप म्हणजे पीक आणि अप म्हणजे वर, तेव्हा पीक वर येणारच, हा तिचा हिशेब सरळ होता. पण राब भाजून, रोपे वाढवून आणि गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी केल्यावर जो भात येतो, तो अचानक उद्भवला असे म्हणणे हा लावणी करणाऱ्यांचा अपमान आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या फ्लेमिंगोंनाही हे क्रियापद त्याच कारणाने शोभत नाही, कारण त्यांची वाट पाहणारे लोक आधीपासून दुर्बिणी पुसून बसलेले असतात.

गंमत अशी की, या शब्दातले 'क्रॉप' शेतातून थेट आलेलेच नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रोपाचा शेंडा, कणसाचे टोक असा होता. पुढे खाणकाम करणाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि जमिनीखालच्या खडकाच्या थराचे टोक जेथे पृष्ठभागावर डोकावते, तेथे तो थर 'क्रॉप' होतो असे ते म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात हा खडक संभाषणात शिरला आणि अडचणी, प्रश्न, नावे असे सगळेच त्याच्यासारखे वर येऊ लागले. येऊरच्या चढावर पाऊलवाटेत मध्येच काळ्या बेसॉल्टचा पाठीसारखा भाग वर आलेला दिसतो, तो मी भाचीला आठवून पाहायला सांगितला. त्याच जातीचा दगड इमारतीचा पाया खणताना भेटला, तर मात्र आपण 'कातळ लागला' म्हणतो, आणि विहीर खणताना 'पाणी लागले' म्हणतो. लागण्यासाठी खणणारा लागतो. इंग्रजांचा खडक कोणी न खणता वर येतो आणि म्हणूनच या क्रियापदाला कर्म नाही. तुम्ही एखादी गोष्ट 'क्रॉप अप' करू शकत नाही, ती आपली आपण होते.

आता भाचीच्या दुसऱ्या वाक्याचा, म्हणजे माझा प्रश्न. माणसाला इंग्रजी भाषा सहसा 'क्रॉप अप' होऊ देत नाही. अनपेक्षित आलेल्या पाहुण्यासाठी तिच्याकडे 'टर्न अप' आणि 'शो अप' आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या समतानगर भागातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, त्यालाही 'टर्न अप'च म्हणावे लागेल. मराठीला मात्र एवढ्याने भागत नाही, कारण कोण आला यापेक्षा त्याचे येणे आपल्याला कसे वाटले, हे ती क्रियापदातच सांगून टाकते. बऱ्याच दिवसांनी आलेला उगवतो आणि त्यात थोडी माया असते. नेमक्या जेवणाच्या वेळी येणारा टपकतो. नको असलेला उपटतो. सगळे सुरळीत चाललेले असताना घोटाळा करायला येणारा कडमडतो आणि लांबून सामानसुमानासह येणारा येऊन थडकतो. दारात 'दत्त म्हणून' उभा राहणाऱ्याबद्दल बोलताना तर आपण साक्षात दैवताचे नाव घेतो, पण आवाजात भक्ती औषधालाही नसते. बहिणीने मला उगवू दिले, टपकू दिले नाही, हे मी तिचे उपकारच समजतो, कारण घड्याळात साडेअकरा झाले होते.

'क्रॉप अप'ची खरी जोडी मला सापडली ती 'निघणे' या क्रियापदात, आणि तीही माझ्याच खोटेपणामुळे. ऐरोलीच्या माझ्या कार्यालयात बैठक टाळायची असली, की मी 'समथिंग हॅज क्रॉप्ड अप' एवढाच निरोप धाडतो आणि कोणी काही विचारत नाही. घरी तेच सांगायचे असेल, तर 'अचानक काम निघाले' म्हणतो. अर्थ तंतोतंत तोच. पण पत्नी विचारते, "निघाले, की काढलेस?" या प्रश्नाचे इंग्रजी करायला गेलो, तर 'क्रॉप अप' आणि 'ब्रिंग अप' अशी दोन वेगळी क्रियापदे घ्यावी लागतात. मराठीत निघणे आणि काढणे एकाच घरातली, त्यामुळे एकाच्या पाठोपाठ दुसरे दाराशी येतेच. विषय निघतो तेव्हा कोणीतरी तो काढलेला असतो. भिंतीत ओल निघते, ती रंगकाम काढल्यावर.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हे फार चांगले कळते. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' अशी ओळ छापलेली असते, आणि या ओळीखाली पुनर्विकासाचा विषय गेली कित्येक वर्षे न चुकता 'आयत्या वेळी' येत आहे. तो कोणी आणला, हे इतिवृत्तात कधीच नसते. घोडबंदर रस्त्यावरचे मनोरेही असेच पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले, असे आपण सहज बोलून जातो, जणू नकाशे मंजूर करणारा आणि स्लॅब ओतणारा कोणी नव्हताच. छत्र्यांना निदान बी पेरणारा नसतो.

एवढे सगळे भाचीला सांगितले नाही. तिने भाताच्या जागी बांधावर आपोआप आलेला भोपळ्याचा वेल घातला, आणि तो मी चालवून घेतला. परीक्षेतली नवी अडचण, गप्पांत वारंवार येणारे एका मैत्रिणीचे नाव आणि सहलीच्या आदल्या दिवशी निघालेले वडिलांचे काम, अशी आणखी तीन वाक्ये झाली. पाचवे राहिले. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला, तसा मी उठून "बराय, निघतो," म्हणालो आणि बसलो तेथेच रेंगाळलो. भाचीने ते नीट पाहिले आणि तोंडी वाक्य केले : "जेवणाचा विषय निघाला, की मामा निघत नाही."

ते इंग्रजीत करताना पहिल्या निघण्याला 'क्रॉप अप' मिळाले, दुसऱ्याला 'लीव्ह' द्यावे लागले आणि वहीत एक अगदी साधे, व्याकरणशुद्ध वाक्य उरले. बहिणीने तोवर चौथे ताट घेतले होते.