मधयंत्र धुताना पहिलं पाणी गारच हवं

आमच्याकडे रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे (फुलांचे दांडे) फुलले की मधपेट्यांना चांगले दिवस येतात. मध काढायच्या गप्पा तेव्हा सगळेच मारतात. यंत्र धुण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या चार पेट्या लिंबूच्या बागेत आहेत. चार चौकटींचं, हाताने फिरवायचं स्टीलचं मधयंत्र, म्हणजे पोळ्याच्या चौकटी जाळीच्या पिंजऱ्यात धरून फिरवायचं आणि मध बाहेर काढायचं पिंप, आम्ही शेजारपाजारचे मधपाळ मिळून वापरतो. एकाचा पिंपात राहिलेला मध दुसऱ्याच्या मधात जाणार, त्यामुळे धुलाई ही मला मधाइतकीच महत्त्वाची वाटते.

सगळ्यांचा पहिला विचार गरम पाण्याचा असतो. "भो, गरम पानी टाक ना!" असं मदतीला आलेला माझा चुलतभाऊ दर हंगामात सांगतो, आणि दर हंगामात मी बादली विहिरीवरूनच भरून आणायला लावते. चिकट तेलकट भांड्यांना गरम पाणी लागतं हे खरं, पण मध तेलकट नाही. तो गार पाण्यात सहज विरघळतो. यंत्राला चिकटलेली दुसरी वस्तू म्हणजे मेण. चौकटीतल्या मधाच्या घरांवरची मेणाची टोपणं कापताना त्याचे बारीक कण पिंजऱ्याच्या जाळीत आणि पिंपाच्या भिंतीवर उडालेले असतात. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांवर वितळतं. कढत पाणी ओतलं की ते पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि थंड होताच पातळ थर होऊन घट्ट बसतं. जाळीच्या तारांत आणि तोटीच्या आट्यांत गेलेलं मेण मग घासूनही निघत नाही. गार पाण्यात ते कडक राहतं, त्याचे तुकडे पाण्यासोबत वाहून येतात आणि फडक्यावर गाळले तर मेणाच्या डब्यात जातात.

धुण्याआधी पिंप तिरपं करून रात्रभर बंद खोलीत ठेवावं, तोटीखाली झाकलेलं भांडं लावावं. उरलेला बराच मध उतरतो. खोली बंदच हवी. कितीतरी जण यंत्र पेट्यांजवळ उघडं ठेवतात, "माश्या चाटून साफ करतील" म्हणून. कृपया हे करू नका. फुलोरा संपत आला की माश्या अशा मधावर तुटून पडतात, लुटालूट सुरू होते, आणि मग दुबळ्या पेटीवर सगळ्यांचा हल्ला. शिवाय रोगट वसाहतीचा मध निरोगी वसाहतीत जातो. सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माश्यांवर थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात मोठा घाला घातला होता. हे आठवलं की मला यंत्र उघड्यावर ठेवायची हिंमतच होत नाही.

गार पाण्याने दोन-तीनदा खळबळून, मऊ ब्रशने घासून झालं की मग कोमट पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. वासाचा साबण किंवा भांड्यांचं सुगंधी लिक्विड वापरू नये, मध वास पटकन धरतो. तारेची घासणीही नको. उरलासुरला मेणाचा पातळ थर काढायला आमच्याकडचं ऊन पुरे पडतं. एप्रिलच्या दुपारी पिंप दार लावलेल्या व्हरांड्यात, उन्हाच्या तिरपीला ठेवलं की पत्रा चांगला तापतो. मेण मऊ पडतं आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने पुसून निघतं.

धुवण मोरीत ओतू नका. मेणाने पाइप तुंबतो आणि गोड पाण्यावर मुंगळे येतात. मी बागेत खड्डा करून त्यात ओतते आणि लगेच माती लोटते.

सगळ्यात जास्त वेळ मी कोरडं करण्यावर घालवते. मध हवेतली ओल शोषतो. त्यातल्या पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की आंबण्याची भीती असते. पिंपाच्या तळाशी वाटीभर पाणी राहिलं तरी पुढचा मध बिघडू शकतो. आमचं बोअरचं पाणी खारं आहे, ते वाळू दिलं तर पांढरे डाग राहतात. म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसणं, मग वाळवणं. तोटी पूर्ण उघडून, रबर काढून धुवावी. गिअर आणि बेअरिंगवर मात्र थेट पाणी मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं आणि खाद्य दर्जाच्या ग्रीसचा हलका हात फिरवावा.

जुनं जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचं पिंप असेल तर जास्त जपा. मध आम्लधर्मी असतो, जस्ताला खातो. गंजाचा ठिपका दिसला तर त्यात मध काढू नये, मग पिंप कितीही चांगलं दिसत असो.

यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून, तोंड झाकून ठेवते. पुढचा मधपाळ न्यायला आला की आधी त्याच्यासमोर तोटी उघडून दाखवते, आणि परत आणताना त्यानेही तशीच दाखवावी असं सांगून देते.