नाणं चालत नाही

परवा दादरच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीचे पैसे दिले आणि मावशींनी दहाचं नाणं माझ्या तळहातावर परत ठेवलं. "काका, हे चालत नाही."

म्हटलं, झालं, पुन्हा तीच अफवा. मधे काही वर्षं दहाचं खरंखुरं नाणंही कुणी घेत नव्हतं, आठवत असेल. वाद घालायच्या तयारीनं चष्मा लावला आणि बघतो तर रंगच उलटे. आपल्या दहाच्या नाण्याला बाहेरून सोनेरी कडं असतं आणि आत रुपेरी चकती. ह्याचं कडं रुपेरी आणि चकती सोनेरी. सिंहांच्या जागी दोन माणसांचे चेहरे. बायकोनं सुट्ट्यांसाठी माझा नाण्यांचा डबा उपसला होता, त्यातून हे फिलिपिन्सचं दहा पेसो बाजारात आलं होतं. मावशींची माफी मागून नोट दिली. पण घरी येईपर्यंत डोक्यात कुयाच होता.

एकतीस वर्षं मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. २००६-०७ च्या सुमाराला एका बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर होतो. अधिकारी आम्ही भारतीय आणि बाकीचा क्रू सगळा फिलिपिनो. त्यांचा फिटर माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात, आपल्या दादासारखं, म्हणून सगळं जहाज त्याला कुया म्हणायचं आणि मीही. माणूस बातांगास प्रांतातला, ताल गावचा. आवाज असा की मेन इंजिन चालू असताना कानावर मफ असूनही ऐकू यावा. वाक्य सुरू व्हायचं ते "आला ए!"नं. मनिलाची पोरं त्याची नक्कल करून हसायची. मी मालवणचा. मुंबईत पहिल्यांदा कॉलेजात "खय गेललंस?" म्हटल्यावर जे हसू ऐकलं होतं, ते तसंच होतं. आमचं तिथंच जमलं.

त्याच्या बॅगेत बाराको कॉफी असायची. बाराको म्हणजे रानडुक्कर, आणि कॉफीही त्याच जातीची. कंट्रोल रूममध्ये उकळायला ठेवली की दोन डेक वरच्या मेसमध्ये वास. दुसरं वेड चाकूचं. ताल गावातल्या बालिसाँग नावाच्या वस्तीत दुभंगणाऱ्या मुठीचे चाकू बनतात, मनगटाच्या एका झटक्यात उघडतात नि मिटतात. चाकू जहाजावर आणायची सोय नाही, म्हणून हा गडी दोन स्पॅनर तारेनं जोडून मला ती उघडझाप करून दाखवायचा. मी करायला गेलो नि अंगठा सोलून घेतला.

एका बंदरात आम्हाला किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. बंदराचं नाव नको. कुणाच्या तरी हातून कागदांत काहीतरी राहिलं होतं, शोअर पास निघाला नाही आणि गँगवेच्या पायथ्याशी एक सुरक्षारक्षक खुर्ची टाकून बसला. चाळीस दिवसांनी जमीन दिसली होती. अर्ध्या किलोमीटरवर गावाचे दिवे, कुठूनतरी तळलेल्या माशांचा वास, आणि आम्ही रेलिंगला टेकून उभे. मी शिव्या घालत होतो. कुया कॉफी पीत म्हणाला, "सेकंड साब, आमच्या गावचा एक वकील असाच दाराबाहेर उभा होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या."

त्या रात्री फेलिपे आगोनसिल्यो हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मागाहून वाचत गेलो. कुयानं मसाला फारसा घातला नव्हता.

आगोनसिल्यो १८५९ मध्ये ताल गावात जन्मला. मनिलात कायदा शिकला, गावी परतून गरिबांचे खटले लढवू लागला, आणि स्पॅनिश राज्यात असल्या वकिलाचं जे व्हायचं ते झालं. राजद्रोही म्हणून नाव पडलं. तडीपारीचा हुकूम अंगावर यायच्या आत हा जपानला आणि तिथून हाँगकाँगला निसटला. मागून बायको मार्सेला मुलींना घेऊन आली. हाँगकाँगमधलं मॉरिसन हिल रोडवरचं त्यांचं घर म्हणजे परागंदा फिलिपिनो क्रांतिकारकांची खाणावळच झाली. १८९८ च्या मे महिन्यात क्रांतीचा पुढारी आगिनाल्दो ह्याच्या सांगण्यावरून मार्सेलानं त्याच घरात देशाचा पहिला झेंडा शिवला. हाताशी थोरली पोर लोरेन्सा आणि स्पॅनिशांनी फाशी नव्हे तर गोळ्या घालून मारलेला लेखक होसे रिसाल, त्याची भाची देल्फिना. पाच दिवसांचं काम. सूर्याचे किरण वाकडे बसले म्हणून एकदा सगळं उसवावं लागलं, असं सांगतात. माझी आई परकर-पोलकी शिवायची, त्यामुळे ह्या उसवण्यावर माझा ताबडतोब विश्वास बसला. तोच झेंडा १२ जून १८९८ ला कावितला फडकला.

पुढे एका खेपेला हाँगकाँगला गेलो तेव्हा मुद्दाम त्या रस्त्यावर गेलो. उंच इमारती, ट्राम, पोहण्याचा तलाव. ज्या टेकडीचं नाव रस्त्याला आहे ती टेकडीच उरलेली नाही, फोडून समुद्रात भरावाला घातली. मुंबईच्या माणसाला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही.

तर झेंडा झाला, स्वातंत्र्य जाहीर झालं, आता ते जगाला सांगायला माणूस हवा. आगिनाल्दोनं आगोनसिल्योला आपला दूत म्हणून अमेरिकेला पाठवलं. सोबत सेक्रेटरी सिक्स्तो लोपेस, तोही बातांगासचाच, बालायान गावचा. १ ऑक्टोबर १८९८ ला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीनं आगोनसिल्योला भेट दिली, पण खासगी माणूस म्हणून. कुठल्या देशाचा दूत म्हणून नव्हे, कारण तसा देश त्यांच्या लेखी नव्हताच. मग हा पॅरिसला गेला. तिथं आपसातलं युद्ध मिटवायला स्पेन आणि अमेरिका तहाच्या टेबलावर बसले होते. ह्याला आत घेतलं नाही. १० डिसेंबरला तह झाला, स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं आणि अमेरिकेनं २ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. आगोनसिल्योनं निषेधाचा खलिता धाडला. पुन्हा वॉशिंग्टन, पुन्हा पत्रं, उत्तर नाही. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला आणि हा पकडले जाऊ म्हणून कॅनडात निघून गेला. दोनच दिवसांनी सिनेटनं ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला.

"ज्यांचा देश विकत होते त्यांना कुणी विचारलंच नाही?" मी विचारलं. खरं तर मूर्ख प्रश्न. मग मीच त्याला आमच्या मुंबईची गोष्ट सांगितली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ही बेटं इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली, आणि १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला दिली. कोळ्यांना कोण विचारतो? कुया एवढा मोठ्यानं हसला की खालचा रक्षक खुर्चीतून उठून उभा राहिला. "दहा पौंड! सेकंड साब, आमचे दोन कोटी तरी होते!" तेव्हापासून जहाज सोडेपर्यंत मी त्याच्यासाठी "टेन पाउंड्स" होतो.

मला त्या जोडीत जास्त भावतो तो सिक्स्तो लोपेस. आगोनसिल्यो पुढे परतला, वकिली केली, असेंब्लीत निवडून आला, १९२३ मध्ये गव्हर्नर जनरल वूडच्या हाताखाली काही काळ गृहखात्याचा सेक्रेटरीही झाला. हयात काढायची तर माणूस असं करतो, त्यात नाव ठेवायला आपण कोण. बायकोचे दागिने मोडून हाँगकाँगमधला संसार आणि स्वारीचा खर्च चालला होता, हेही धरायला हवं. सिक्स्तोला मात्र परत यायला अट घातली, अमेरिकेशी इमान राखण्याची शपथ घे. तो घेईना. मायभूमीवर पाय ठेवायलाच शोअर पास नाही. माझं एका रात्रीत डोकं फिरलं होतं, तो वर्षानुवर्षं बाहेर राहिला.

त्याच बालायानचा आणखी एक, गालिकानो आपासिब्ले. पेशानं डॉक्टर, हाँगकाँगच्या क्रांतिकारी समितीचा प्रमुख, पुढे त्यालाही अमेरिकेकडे धाडलं. त्यालाही काही मिळालं नाही.

आणि मग मबिनी. माझ्या नाण्यावरच्या दोघांतला एक क्रांतिकारक बोनिफासिओ, तो मनिलाचा. दुसरा हा आपोलिनारिओ मबिनी, १८६४ चा जन्म, तानावानचा, म्हणजे पुन्हा बातांगास. घरची गरिबी, आई बाजारात विकायला बसायची. कायद्याची पदवी १८९४ ला, आणि १८९६ मध्ये पायांतलं बळच गेलं. दोन वर्षांनी आगिनाल्दोनं सल्ल्यासाठी बोलावलं तर जायचं कसं? वाटेतल्या गावांतल्या माणसांनी झोळीत घालून नेलं, एका गावचे खांदे थकले की पुढच्या गावचे. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सरळ आमचा घाट आला. गाडीरस्ता होण्याआधी माझ्या आजीला असंच बांबूला चादर बांधून, झोळी करून खाली नेलं होतं. झोळीतल्या माणसाला फक्त वरचं आभाळ आणि पुढच्याची मान दिसते, असं ती सांगायची.

असा माणूस १८९९ च्या जानेवारीत देशाचा पहिला पंतप्रधान झाला आणि परराष्ट्रमंत्रीही तोच. पुढच्याच महिन्यात लढाई पेटली. तहकुबीसाठी त्यानं बोलणी चालवून पाहिली, जमली नाहीत, मे महिन्यात पद गेलं. डिसेंबरात अमेरिकनांनी पकडलं. १९०१ मध्ये ग्वाम बेटावर हद्दपार केलं. उठून पळूही न शकणाऱ्या माणसाला एवढ्या लांब का ठेवावं लागतं, ह्याचा विचार केला की त्याच्या लेखणीचा दरारा कळतो. ह्यानं मात्र शेवटी शपथ घेतली, १९०३ मध्ये परत आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कॉलऱ्यानं गेला. वय ३८.

तानावानच्याच दुसऱ्या माणसाचा विषय काढला की कुया आवाज खाली आणायचा, म्हणजे साधारण आपल्याइतका. होसे लॉरेल. तरुणपणी एका भांडणात चाकू चालवला, शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं १९१२ मध्ये सोडलं. पुढे स्वतःच तिथला न्यायाधीश झाला. जपानी अंमलात राष्ट्राध्यक्ष. १९४३ च्या नोव्हेंबरात टोकियोला जी परिषद भरली तिच्यात हा होता, आणि निरीक्षक म्हणून आपले सुभाषबाबू. युद्धानंतर ह्याच माणसाला अमेरिकेशी व्यापाराचा करार करायला धाडलं, तो १९५५ चा लॉरेल-लँगली करार. ह्यावर मेसमध्ये बोलायचं नाही, कुया म्हणाला, अर्ध्या लोकांच्या आज्यांनी जपान्यांचा काळ पाहिलाय.

"एका प्रांतातून एवढे सगळे कसे?" मी विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं: आम्ही मोठ्यानं बोलतो. माझा अंदाज वेगळा. तालजवळच्या लिपा गावात एकोणिसाव्या शतकात कॉफीचा पैसा होता, बालायानकडे उसाचा. पैसेवाल्या घरांतली पोरं मनिलाला कायदा शिकायला जाऊ शकत होती, आणि परदेशी बोलायला स्पॅनिश जाणणारा वकील लागतो. मबिनी त्याला अपवाद, पण अपवाद तर असणारच.

मग त्यानं माझ्यावर उलटवलं. तुमच्या जिल्ह्याचा कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांनी मुंबईत आल्यावर शोधलं. बाळ गंगाधर खेर, मुंबईचे मुख्यमंत्री म्हणून नाव ठाऊक होतं. जन्म रत्नागिरीचा, आणि १९५२ ते १९५४ लंडनला आपले उच्चायुक्त. मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, तेव्हा मी त्यांना आमचे म्हणून खपवले. कुयाला ईमेल केला. उत्तर आलं: "ह्यांना आत घेतलं ना? मग मोजायचं नाही."

नाणं त्यानं साइन ऑफ होताना दिलं होतं, कॅरममध्ये हरलेल्या पैजेचं. २०२० च्या जानेवारीत तालचा ज्वालामुखी फुटला तेव्हा टीव्हीवर राखेनं माखलेली गावं दिसत होती. त्यातल्या एकाचं नावच आगोनसिल्यो. मी घाबरून कुयाला मेसेज टाकला. दोन दिवसांनी आवाजी निरोप आला. कुठंतरी पत्रा खरवडल्याचा आवाज, मागं कोंबडा, आणि मग तेच, "आला ए!" छपरावरची राख काढतोय, म्हणाला. कॉफीची झाडं गेली, पण भांडं शाबूत आहे.

काल पुन्हा बाजारात गेलो. नाणं खिशात मुद्दाम ठेवलं होतं. मावशींना गर्दी नव्हती, म्हणून काढून दाखवलं. हा बघा, ह्यातला एक त्यांचा मंत्री, दोन्ही पाय गेलेले, माणसं झोळीत घालून न्यायची. मावशींनी नाणं उन्हात धरून उलटंपालटं केलं, दोन्ही चेहरे नीट पाहिले आणि माझ्या हातात परत दिलं.

"म्हणजे माणूसही चालत नव्हता नि नाणंही चालत नाही," त्या म्हणाल्या. "मेथी देऊ का दुसरं काही?"