रॅगिंगची तक्रार आणि ओली पँट

गेल्या पावसाळ्यातल्या त्या प्रकरणाच्या फाईलवर 'तथ्य आढळले नाही, प्रकरण निकाली' असा शेरा आहे. खाली रॅगिंगविरोधी समितीच्या सह्या आहेत, त्यात माझीही आहे. मला जे म्हणायचं होतं ते त्या कागदात मावलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

रत्नागिरीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांच्या वसतिगृहाचा मी रेक्टर. पहिल्या वर्षाची मुलं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून येतात, त्यामुळे कोण कुठून येणार हे आधी कळत नाही. परभणी, जालना, जळगाव, सोलापूर. समुद्र पहिल्यांदाच बघणारी कितीतरी असतात. कॉट, गादी, कपाट, मेसचं कार्ड, गेटपास, रॅगिंग न करण्याचं हमीपत्र, हे सगळं एका सकाळी उरकतं. खरं सांगायचं असतं ते त्यानंतर, आणि ते कुठल्या माहितीपत्रकात नसतं. कुलपात खोबरेलाचा थेंब सोड, नाहीतर खाऱ्या हवेने किल्ली फिरायची नाही. मूळ गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेव, भिंतीला लागू देऊ नकोस. चामड्याचा पट्टा कपाटात लटकवून ठेवलास तर हिरवा होईल. उकडा भात सुरुवातीला घशाखाली उतरणार नाही. मेसच्या मावशींना सांग, भाकरी मिळेल, पण तांदळाची.

आणि कपडे. परभणीकडे सबंध वर्षात पडतो तेवढा पाऊस आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो. तिकडे भर पावसाळ्यातही सकाळी धुतलेली पँट संध्याकाळी अंगात घालता येते. इथे ऑगस्टमध्ये जीन्स तीन-तीन दिवस दोरीवर असते आणि काढली तरी खिसे नि कंबरपट्टी ओलीच. हवाच पाण्याने भरलेली, कपड्यातलं पाणी जाणार कुठे? आमच्या जुन्या घरांना हे माहीत होतं. पडवीत वलणी असायची, स्वयंपाकघरात चुलीच्या वर आडवा बांबू टांगलेला असायचा, लहान मुलांची दुपटी त्यावर वाळायची. वसतिगृहाचा नकाशा ज्याने काढला तो बहुतेक घाटावरचा असावा. आमच्या इमारतीत कपडे वाळत घालायची जागा म्हणजे उघडी गच्ची, आणि जून ते सप्टेंबर तिथे शेवाळ. गच्चीवर पत्रे घालण्याचा प्रस्ताव मी दर वर्षी पाठवतो आणि दर वर्षी 'निधी उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल' असं उत्तर येतं. गेटवर चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र मात्र आलं. त्याला निधी होता.

तो मुलगा परभणीकडचाच, शेवटच्या फेरीत आलेला. बोलणं कमी. रात्रीच्या हजेरीला रोज वेळेवर उभा. दिवसा तो वर्गात नसायचा हे विभागाच्या मस्टरमध्ये होतं, पण विभागाचं मस्टर आणि वसतिगृहाची हजेरी ही दोन कागदपत्रं आमच्याकडे एकमेकांना कधी भेटत नाहीत. एकात सलग गैरहजर, दुसऱ्यात सलग हजर. ही व्यवस्था कोणी मुद्दाम केलेली नाही, पण बदलावी असंही कोणाला वाटत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस मेसची जेवणं आटोपत असताना प्राचार्यांचा निरोप आला. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर, १८००-१८०-५५२२ वर, कोणीतरी निनावी तक्रार केली होती: पहिल्या वर्षाच्या एका मुलाला खोलीबाहेर काढलं जातं, तो कॉलेजला येत नाही, कोणाशी बोलत नाही. खोली नंबर दिलेला होता.

अशी तक्रार आली की काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे गुन्हा दिसत असेल तर संस्थेच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत तो नोंदवायचा असतो. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा त्याहून जुना. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दोषी ठरलेल्या मुलाला पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते नव्हते तेव्हाची वसतिगृहं मी पाहिली आहेत. पण त्या २४ तासांत सगळे जण फक्त एकच गोष्ट शोधत असतात: कोणी केलं.

समिती माझ्याच ऑफिसात बसली. आदल्या रात्री तिसऱ्या वर्षाचे दोघे नव्या मुलांच्या मजल्यावर जाताना कॅमेऱ्यात दिसले होते. तिथे वरच्या वर्गांना बंदी आहे, त्यामुळे ते दोघे बाहेर व्हरांड्यात उभे. आत तो मुलगा. समितीतले एक सर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "घाबरू नकोस बाळा, फक्त नाव सांग." मुलगा जमिनीकडे बघत होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. तो बसत नाही म्हणजे किती दहशत आहे, असं एकाने हळूच म्हटलंसुद्धा. माणूस गप्प राहिला की ऐकणारा त्यात आपल्याला हवं ते भरतो, हे मी त्या तासाभरात जेवढं पाहिलं तेवढं नोकरीत पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी परवानगी घेऊन खोलीवर गेलो. समितीतलं दुसरं कोणी आलं नाही. दार उघडताच वास आला, ओल्या कपड्यांचा, आंबूस, नाकात बसणारा. खिडकीच्या गजापासून पंख्याच्या हुकापर्यंत दोरी, तिच्यावर टॉवेल, आतले कपडे आणि वर्कशॉपची खाकी पँट. खाकीला हात लावला तर थंडगार. पंखा पाचवर फिरत होता आणि झड आत येते म्हणून खिडकी घट्ट बंद. बंद खोलीत पंखा लावला की तीच ओली हवा गोल फिरते, कपडे वाळत नाहीत. भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. खोलीतल्या तीन कॉटपैकी त्याच्या कॉटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पँट, तीही ओली, काळे ठिपके पडलेली. त्याची बादली, मग आणि साबणाची डबी दाराबाहेर भिंतीशी लावून ठेवलेली. बादली बाहेर का, हे मला तिथेच कळलं.

खाली येऊन समितीला म्हटलं, दहा मिनिटं द्या. मुलाला माझ्या खोलीत नेलं आणि एक कोरडी लुंगी दिली. लुंगी नेसून तो खुर्चीवर बसला. मांड्यांपासून कमरेपर्यंत गजकर्णाची लाल वेटोळी, जांघेत कातडं सोललेलं. त्या ओल्या पँटीत त्याला बसताच येत नव्हतं.

"पँट वाळंनाच सर," तो म्हणाला. "दोनच हायेत. एक वाळायच्या आत दुसरी भिजती. वर्कशॉपला खाकी लागती, ती तर लईच जाड. ओलीच घालून गेलो. मंग मांड्या सोलल्या."

"सांगायचं नाहीस का कोणाला?"

"काय सांगायचं सर? कपडे वाळत नाहीत म्हणून सांगायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या तक्रारपेटीवर चार रकाने छापलेत: पाणी, वीज, मेस, शिस्त. तो कुठल्या रकान्यात लिहिणार होता?

मग खोलीतल्या इतर दोघांना बोलावलं. एक देवरुखचा, एक कोल्हापूरचा. देवरुखचा लगेच बोलला, "सर, गजकर्ण लागतं. आजीने फोनवर सांगितलं, बादली-टॉवेल वेगळा ठेवा. आम्ही तेवढंच केलं." कोल्हापूरचा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "एक रात्र त्याला बाहेर झोप म्हणालो, सर. वास सहन होत नव्हता."

आजीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गजकर्ण टॉवेलने, चादरीने, एकत्र भिजवलेल्या कपड्यांनी पसरतं. डॉक्टरही हेच सांगतात. पण बादली दाराबाहेर गेल्यावर मजल्यावरचा प्रत्येक जण येता-जाता ती बघतो, आणि ज्याची बादली असते त्यालाही ते दिसत असतं.

आणि ते तिसऱ्या वर्षाचे दोघे? ते त्याला मलमाची ट्यूब द्यायला गेले होते. त्यांच्यातल्या संगमेश्वरकडच्या एकाला पूर्वी हाच त्रास झाला होता, म्हणून स्वतःच्या पैशांनी आणली. नियम मोडून गेले ते मदतीला. ती ट्यूब हातात घेऊन बघितली तर बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. अशी मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मागितली की मिळतात. चोळल्यावर दोन दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि स्टेरॉइडने आतली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी खालून पसरत जाते. वेटोळी एवढी मोठी होतात ती अशाच ट्यूबमुळे. जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बघितल्याबरोबर तेच विचारलं, "कुठली ट्यूब लावतोस?" ती बंद, गोळ्या काही आठवडे, मध्येच सोडायच्या नाहीत, आणि कपडे कोरडे, आतून इस्त्री केलेले. आतून, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. "साहेब, पोरगं तर म्हणायचं सगळं बरं हाय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पँटीला पैसे धाडले असते की. सांगायचं तरी."

पण पँट किती घेणार? तिसरी घेतली तर तीही ओलीच राहणार. म्हणून त्याच आठवड्यात मी मेसच्या मागची जुन्या भांड्यांची खोली रिकामी करवली. तिची एक भिंत भटारखान्याची आहे, पलीकडे दिवसभर शेगड्या पेटलेल्या असतात, त्यामुळे भिंत कोमट राहते. हवा थोडी जरी तापली तरी तिची पाणी ओढून घ्यायची ताकद वाढते. हीटर मागायची गरज नाही, आणि आमच्या वायरिंगवर हीटर मी चालू देणारही नाही. पाण्यात घालायच्या कॉइल जप्त करून माझं एक कपाट भरलंय. दाराच्या खालच्या भागात जाळी बसवली, समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा, म्हणजे हवा खालून आत येते, कपड्यांमधून वर जाते आणि बाहेर पडते. दोऱ्यांमध्ये हातभर अंतर. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये पिळून काढल्याशिवाय कपडा आत आणायचा नाही, थेंब गळता चालणार नाही. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून टांगायची. पायाकडून टांगली की सगळं पाणी कंबरपट्टीत उतरतं आणि तिथेच राहतं. ज्याला गजकर्ण आहे त्याची दोरी वेगळी, पण खोलीच्या आतच, आणि कोणाची ते लिहिलेलं नाही. मावशींचा आधी विरोध होता: अन्नाजवळ कपडे नकोत. म्हणून भटारखान्याकडचं दार कायमचं बंद केलं आणि वापर मागच्या दाराने. आता सकाळी टांगलेली खाकी दुसऱ्या दिवशी दुपारी खडखडीत असते. कपड्यांना फोडणीचा वास येतो अशी तक्रार आहे. ती मी मान्य करतो, पण वर्गात ओल्या पँटीत बसण्यापेक्षा ते बरं.

आता त्या अहवालाचं. मी त्यात एक वाक्य घालायचा आग्रह धरला होता: पावसाळ्यात कपडे वाळवण्याची सोय नसणे हे मूळ कारण. अध्यक्ष म्हणाले, हे या समितीच्या कक्षेत येत नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मग जे कक्षेत येतं ते तरी धड लागू होतं का? २००९ च्या व्याख्येत एखाद्याला अपमानास्पद वागवणंसुद्धा येतं. अक्षर धरून बसलं तर बादली बाहेर ठेवणारी दोन मुलं त्यात बसतात, आणि रात्री बंदीच्या मजल्यावर गेलेले ते दोघे मदतनीस तर आधी बसतात. समितीने कोणालाच धरलं नाही, ते योग्यच झालं. पण 'तथ्य आढळले नाही' हेही खरं नाही. एक मुलगा त्या इमारतीत ओल्या पँटीत उभा होता आणि एक रात्र तो व्हरांड्यात झोपला, हे तथ्य होतं.

फोन कोणी केला ते कळलं नाही. मी शोधलंही नाही. तक्रारीत 'खोलीबाहेर काढलं जातं' असे शब्द होते. हे पाहिलेला माणूस त्याच मजल्यावरचा असणार. कधीकधी मला वाटतं तो कोल्हापूरचाच असावा. असेल तर त्याने स्वतःवरच ती तक्रार केली होती, पाच वर्षांचा धोका पत्करून. नसेल तर नसेल.

मुलाला मी दुसरी खोली देऊ केली होती. "नको सर," म्हणाला, "ह्यांना आता म्हाईत तरी हाय." यंदा दुसऱ्या वर्षाच्या खोल्यांचे अर्ज आले, तेव्हा तिघांनी मिळून एकच अर्ज दिला. गच्चीच्या पत्र्यांचा प्रस्तावही पुन्हा पाठवला आहे, या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून.