रजिस्टरातली खाडाखोड

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एका वनरक्षकाचा फोन. "डॉक्टर, माळावर शाहीन सापडलाय. मांजात अडकलेला." तासाभरात पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर आलं. बॅटरीच्या उजेडात डोकावलो, डोळ्याखालचा काळा ओघळ दिसला, आणि मीही रजिस्टरात 'शाहीन' लिहून मोकळा झालो. शाहीन म्हणजे बहिरी ससाण्याची आपल्याकडे कायम राहणारी उपजात.

भूल देऊन दिव्याखाली घेतला तेव्हा ओशाळलो. शाहीनचं पोट तांबूस, डोक्यावर काळं शिरस्त्राण, गालावरचा पट्टा जाड. ह्याचा माथा विटकरी, ओघळ काडीएवढा, पाठ तपकिरी आणि मांड्यांवर गडद पिसांची विजार. बोटंही आखूड. बहिरीची लांबसडक, उडता पक्षी हवेतच धरायला. हा लगड होता, माळावरचा दुसरा ससाणा, उंदीर-सरड्यांवरही भागवणारा. वजन 560 ग्रॅम, म्हणजे बहुधा नर; ससाणे पाळून शिकार करणारे जुने बाजदार नराला झगड म्हणत.

मांजाने खांदा आणि मनगटामधला कातडीचा पडदा चिरला होता. त्याच्या कडेची कंडरा तुटली असती तर पुन्हा उडणं अवघडच. नायलॉन सुकलेल्या रक्तात चिकटलेलं. कोमट सलाइनने भिजवत एकेक वेढा सोडवायला चाळीस मिनिटं गेली. कंडरा शाबूत होती. टाके घातले.

"म्हणजे नुसता लगडच होय?" वनरक्षकाचा चेहरा उतरला. शाहीनचा फोटो ग्रुपवर टाकूनही झाला होता त्याचा.

मला हसू आलं. 'नुसता' कोण, ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत उलटंच आहे. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन पूर्व अमेरिकेतून बहिरी जवळपास संपला होता. तिथे 1972 मध्ये बंदी आली, पिल्लं वाढवून सोडली गेली आणि 1999 मध्ये तो तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे. आययूसीएन, म्हणजे ही जागतिक यादी करणारी संस्था, तिच्या लेखी त्याची चिंता नाही. लगडचं घर मात्र आपला उपखंड आणि त्याच्या कडेचा थोडा भाग, बस्स. तो 'संकटसमीप'. माळ नांगराखाली गेले, शेतात कीटकनाशकं आली, त्याचं खाद्य असलेले सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे सरडे, लोक तेलासाठी पकडतात. वायव्येकडे तर मोठे ससाणे धरायला लगडच्याच पायांना फास दडवलेली पिसांची जुडी बांधून त्याला आमिष म्हणून उडवतात.

हे सगळं वनरक्षकाला सांगितलं. तो बराच वेळ पक्ष्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पण साहेब, ग्रुपवर आता काय लिहू?"

मी 'शाहीन' खोडून वर 'लगड, नर' लिहिलं. तिसऱ्या दिवशी झगडने चिमट्यातला मांसाचा तुकडा हिसकावला, आणि त्याबरोबर माझं बोटही.