सभागृह नव्हते तेव्हा मी काय शिकवत होते

"महापालिकेत सभागृह नव्हते, नगरसेवक नव्हते, मग इतकी वर्षे तुम्ही वर्गात नेमके काय शिकवत होतात?" विद्यापीठात स्थानिक शासन हा विषय शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. माजी विद्यार्थी तो विचारतात, संध्याकाळच्या पदविका वर्गाला येणारे पालिकेतील लिपिक विचारतात, आणि एका लग्नाच्या पंगतीत माझ्या आतेभावाने तर "म्हणजे ताई, लग्नच न झालेल्या घरात तू सासूचे हक्क शिकवत होतीस," असे म्हणून सगळ्यांना हसवले होते. मीही हसले. त्याला द्यायचे उत्तर पंगतीत मावण्यासारखे नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते माझ्यापाशी धड तयारही नव्हते. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

महापालिकांच्या निवडणुका का रखडल्या, हे येथे पुन्हा सांगत बसत नाही. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजी घातलेल्या तीन अटी, त्या अटींसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागरचनेवरून झालेले वाद हे सगळे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली, पुण्याची 14 मार्चला. आमच्या शहराची मुदतही त्याच महिन्यात संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. माझी अडचण या सगळ्याच्या मानाने फार लहान होती. जूनमध्ये नवा वर्ग सुरू होणार होता आणि अभ्यासक्रमातील तिसरे प्रकरण होते 'महानगरपालिका: रचना, अधिकार व कार्ये'.

आधी माझ्या बाजूने जे सांगता येईल ते सांगते. कायदा कोठेही गेला नव्हता. शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी 74 वी घटनादुरुस्ती जागेवर होती. पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे सांगणारे अनुच्छेद 243-यू जागेवर होते. राज्य निवडणूक आयोगाने मुदतीत निवडणूक घेणे हे त्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे बजावणारा किशनसिंग तोमर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकालही जागेवर होता. सभागृहाची मुदत संपली म्हणून या तरतुदी शिकवायच्या नाहीत, असे म्हणणारा शिक्षक उद्या आणीबाणीच्या काळात मूलभूत हक्कांचे प्रकरणही गाळेल. कित्येक वर्षे पहिल्याच तासाला मी मुलांना एक वाक्य सांगत असे: तरतूद काय आहे ते आपण येथे शिकू, व्यवहारात काय होते ते वर्तमानपत्रात वाचा. ते वाक्य मला तेव्हा फार नेमके वाटत असे. मुले ते वहीत उतरून घेत, याचाही मला आनंद होई.

पण तरतुदी शिकवायच्या म्हणजे त्या जिवंत करून दाखवाव्या लागतात. महापालिका अधिनियमाप्रमाणे स्थायी समितीत सोळा सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि पहिल्या वर्षी कोणी निवृत्त व्हायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. हे मी वर्गात प्रत्यक्ष करून दाखवत असे. सोळा मुलांना पुढे बसवायचे, चिठ्ठ्या काढायच्या, आठजणांना उठवायचे. उठलेली मुले कुरकुर करत, आणि तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्याही हाती फार काळ राहू नयेत म्हणून कायद्याने केलेली ही युक्ती त्या कुरकुरीतून बरोबर कळे. 2022 नंतरच्या पहिल्याच वर्षी चिठ्ठ्या काढून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आत्ता आपल्या स्थायी समितीत कोण आहे?" कोणीच नाही, असे मी सांगितले. समितीचे अधिकार प्रशासकांकडे आहेत, सर्वसाधारण सभेचे, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सभागृहाचेही त्यांच्याकडेच आहेत आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून तो तपासायचा आणि सभा म्हणून मंजूर करायचा, अशी तीन पावले एकाच टेबलावर पडतात. "मग किती सोपे झाले," असे त्यावर एक मुलगा अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या भागातील रस्ता त्या वर्षी खरोखरच लवकर झाला होता. त्याला खोडून काढण्यासाठी मी जे बोलले, ते आज मला पुरेसे वाटत नाही.

या काळात वर्गात एक उलटापालट मात्र झाली, जिची चर्चा मला कोठे फारशी वाचायला मिळाली नाही. ग्रामपंचायतींच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने होतच होत्या. त्यामुळे खेड्यातून आलेल्या मुलींना सरपंच, उपसरपंच, कोरम भरला नाही म्हणून तहकूब झालेली ग्रामसभा, घराच्या नमुना 8 वरील नोंदीसाठी घातलेले हेलपाटे हे सगळे ठाऊक होते. शहरातील मुलांना आपला प्रभाग कोणता, हेही सांगता येत नव्हते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? 2017 च्या निवडणुकीत मुंबईबाहेरच्या महापालिकांमध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते. पुढे एका सदस्याचा कायदा झाला, मग तीनचा, मग पुन्हा चारचा. माझ्या टिपणांतील ते पान मी शेवटी पेन्सिलीनेच लिहायला लागले.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यामुळे हा प्रश्न मला टोचतो.

उन्हाळी परीक्षेनंतर उत्तरपत्रिका तपासायला आम्ही सगळे 'कॅप'ला, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात, बसतो. पंखे, चहा, गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्यासाठी एक ज्येष्ठ मॉडरेटर. त्या वर्षी माझ्या विषयाच्या पेपरात पंधरा गुणांचा प्रश्न होता: 'महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची रचना व कार्ये स्पष्ट करा.' हा प्रश्न मीच काढला होता. तो माझ्या आधीच्यांनी काढला होता, त्यांच्या आधीच्यांनीही काढला असेल.

एका उत्तरपत्रिकेत या प्रश्नाचे उत्तर अडीच पानांचे होते. पहिले दीड पान नेटके होते. निवडून आलेले आणि स्वीकृत सदस्य, महापौरांचे अध्यक्षपद, दरमहा होणारी सभा, अर्थसंकल्पाची मंजुरी, सदस्यांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार, सगळे थोडक्यात पण बरोबर. त्यानंतर एक ओळ सोडून लिहिले होते की, वरील कार्ये मी पुस्तकातून लिहिली आहेत, मला मतदानाचा अधिकार मिळाल्यापासून आमच्या शहरात सर्वसाधारण सभा झालेली नाही. पुढे एका गल्लीतील पावसाळी गटाराची हकिगत होती. पूर्वी आई नगरसेविकेच्या कार्यालयात जाऊन सांगत असे. आता क्षेत्रीय कार्यालयातून ऑनलाइन तक्रार करायला सांगतात. तक्रार केली, क्रमांक मिळाला आणि कोणी फिरकले नसताना 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश आला. हकिगत सांगताना कोठेही आदळआपट नव्हती. उत्तराचा शेवट असा होता: सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्याला असतो, सदस्यच नसेल तर प्रश्न कोणी विचारायचा, हे पुस्तकात दिलेले नाही.

मी पंधरापैकी बारा गुण दिले. उत्तरपत्रिका मॉडरेटरांकडे गेली आणि सात होऊन परत आली.

मी उठून त्यांच्याकडे गेले. ते या विषयातले जुने, वाचलेले गृहस्थ. त्यांना खलनायक करण्याची सोय मला नाही. "मॅडम, शेवटचे पान प्रश्नाबाहेरचे आहे," ते म्हणाले. मी म्हटले, "सर, प्रश्नात 'स्पष्ट करा' असे आहे. सभा नसली की काय होते, हे सांगून या विद्यार्थ्याने सभेचे कार्य जितके स्पष्ट केले आहे, तितके या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणी केलेले नाही." त्यावर त्यांनी चष्मा काढून शांतपणे विचारले, "उद्या दुसऱ्याने याच जागी एखाद्या पक्षाचे भाषण लिहिले, तर त्यालाही बारा द्याल? अनुभव आणि मत यांतली रेघ तुम्ही आखाल, पण शेजारच्या टेबलावरचा परीक्षक ती कोठे आखेल? आणि हे मूल उद्या स्पर्धा परीक्षेत असे लिहून आले, तर त्याचे नुकसान कोणी भरून द्यायचे?" या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तरे होती, पण ती एकमेकांशी जुळत नव्हती. मग ते म्हणाले, "आदर्श उत्तर तुम्हीच लिहून दिले आहे ना? त्यात दहा मुद्दे आहेत. येथे पाच आले आहेत. बाकीचे कोठे आहेत, ते दाखवा."

आदर्श उत्तर खरोखरच माझ्या हस्ताक्षरात होते. त्यात गटार नव्हते, प्रशासक नव्हते, 2022 ही नव्हते. ते 2012 सालीही तसेच्या तसे चालले असते.

नियमाप्रमाणे मॉडरेटरांचे गुण अंतिम असतात. मी गुणपत्रकावर सही केली आणि पुढचा गठ्ठा उघडला. ही सही का केली, असे मला माझ्याच एका तरुण सहकाऱ्याने नंतर विचारले होते. वाद प्रमुखांपर्यंत न्यायला हवा होता, असे त्याचे म्हणणे. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पूर्ण पटत नाही. ज्या विषयात मी अधिकारांची उतरंड आणि नियमाने चालणारा कारभार शिकवते, त्याच विषयाच्या तपासणीत माझे मन भरून आले म्हणून नियम बाजूला ठेवावा, हे मला मंजूर नाही. प्रशासकांच्या कारभारावर आपला आक्षेपही शेवटी हाच असतो ना, की एकाच माणसाच्या विवेकावर सगळे सोपवले गेले? तरीही ते सात गुण माझ्या डोक्यातून जात नाहीत. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, त्यामुळे ते मुलगा की मुलगी, माझ्या वर्गातले की दुसऱ्या महाविद्यालयातले, मला आजही ठाऊक नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला का, तेही कळायला मार्ग नाही.

त्यानंतरच्या वर्षी मी पहिल्या तासाचे ते वाक्य सोडून दिले आणि उलट टोकाला गेले. प्रत्येक तरतुदीला लागून शहरातील सद्यःस्थिती सांगायची, असे ठरवले. प्रभाग समिती शिकवली आणि ती अस्तित्वात नाही असे सांगितले. जिल्हा नियोजन समितीत महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी निवडून द्यायच्या जागा शिकवल्या आणि निवडून देणारेच नाहीत असे सांगितले. काही आठवड्यांत मुले हसायला लागली. मी 'कलम' असा शब्द उच्चारला की मागून कोणीतरी हळूच "पण सध्या नाही" असे म्हणे. ते हसणे मला मॉडरेटरांच्या सात गुणांहून अधिक जड गेले, कारण त्या मुलांना आता कायदाही यायचा राहिला होता आणि संताप येण्याइतकी त्याची किंमतही वाटत नव्हती. माझ्या जुन्या वाक्यात तथ्य होते, हे मला त्या वर्षी कबूल करावे लागले. पण त्या वाक्याकडे परत जाताही येईना. ते म्हणणारी बाई आणि गटाराचे ते पान या दोघांना एका वर्गात बसवणे मला अजून साधलेले नाही.

आता लोक म्हणतात, "सुटलात." सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले. चिठ्ठ्यांचा खेळ आता पुन्हा खऱ्या समितीकडे बोट दाखवून शिकवता येतो, हे खरेच आहे. पण सुटका वगैरे काही झालेली नाही. 243-यू शिकवताना एका मुलीने विचारले, "मुदतीत निवडणूक झाली नाही तर काय होईल, हे त्यात लिहिले आहे का?" नाही, असे मी सांगितले. निवडणूक मुदतीत झाली पाहिजे एवढे त्यात आहे. न झाल्यास कोणाला काय भोगावे लागेल, याबद्दल ते अनुच्छेद गप्प आहे. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा होऊ शकते." मी हो म्हटले आणि तास पुढे नेला.

यंदा पेपर काढताना मी जुना प्रश्न ठेवला नाही. 'मुदत संपूनही निवडणूक न झाल्यास महापालिकेचा कारभार कसा चालतो, हे तरतुदींच्या आणि आपल्या शहरातील अनुभवाच्या आधारे लिहा,' असा प्रश्न दिला. 'अनुभवाच्या आधारे' हे शब्द काढावेत, सगळ्या महाविद्यालयांतील परीक्षकांना ते एकसारखे तपासता येणार नाहीत, असे समितीतील दोघांनी कळवले आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी लिहून दिलेले नाही, आणि शब्दही काढलेले नाहीत. प्रश्नासोबत आदर्श उत्तर जोडावे लागते. तरतुदींचा भाग मी लिहून पाठवला आहे आणि उरलेला भाग समिती पुन्हा मागते आहे.